पहिला पिवळा बेल्ट : परीक्षेच्या दिवशी काय होते?

तळोज्याच्या फेज वन, फेज टूमध्ये आणि आजूबाजूच्या सिडको वसाहतींत संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेच्या पटांगणात, कुठे गच्चीवरही पांढऱ्या पोशाखातील मुले रांगेत उभी राहून ओरडताना दिसतात. त्यात आपल्या घरची मुले-मुलीही पुष्कळ आहेत. तीन-चार महिने झाले की मूल चिठ्ठी घेऊन येते : बेल्टची परीक्षा आहे, अमुक रुपये भरावेत. एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या बापाला आणि कामावरून थकून आलेल्या आईला ही परीक्षा म्हणजे नेमके काय, पैसे कशाचे, मूल नापास झाले तर पुढे काय, हे सहसा कोणी नीट सांगत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

कराटे हा ओकिनावा बेटावरचा खेळ. तिथले शाळामास्तर गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली तो टोकियोत दाखवला आणि पुढे तिथेच शिकवू लागले. बेल्टची पद्धत मात्र कराटेची स्वतःची नव्हे; ती ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्याकडून घेतलेली. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा ही रंगांची माळ तर आणखी नंतरची. त्यामुळे क्लासगणिक रंगांचा क्रम बदलतो. बहुतेक ठिकाणी पांढऱ्यानंतर पिवळा असतो. एखाद्या ठिकाणी दुसरा असला तर त्यात फसवणूक आहे असे समजू नये.

परीक्षा बऱ्याचदा रविवारी आणि चार-पाच शाखांची मिळून एका मोठ्या हॉलमध्ये होते. खारघरला असेल तर पेंधर किंवा पेठाली-तळोजा स्थानकावरून मेट्रो आहे. नोव्हेंबर २०२३ पासून ती सुरू आहे. दिवा-पनवेल मार्गावरच्या गाड्या मोजक्या, त्यांच्या भरवशावर राहू नये. तिथे पोचल्यावर थांबण्याची तयारी ठेवावी. मुलांची संख्या मोठी असते आणि आपल्या मुलाची पाळी प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटांचीच असते.

सुरुवातीला सारे रांगेत उभे राहतात, मग गुडघ्यांवर बसून डोळे मिटतात. आनापानाला बसलेल्या मुलांना हे नवे वाटणार नाही. त्यानंतर वाकून नमस्कार. काही घरांत यावर प्रश्न निघतो : आपण कुणापुढे का वाकायचे? भिंतीवर जुन्या गुरुजींचा फोटो असला तर प्रश्न आणखी टोकदार होतो. जपानी रिवाजात हे वाकणे भेटीच्या सलामासारखे आहे. शिक्षक विद्यार्थ्यापुढे आणि दोन खेळाडू एकमेकांपुढेही वाकतात. त्यात पूजा नाही. तरीही मुलाला कुठे हात जोडायला, ओवाळायला सांगत असतील तर पालकांनी सरळ विचारावे, तो त्यांचा हक्क आहे.

जाता जाता आणखी एक. कराटेचे मूळ बोधिधर्मात आहे, त्यांनी भारतातून चीनला जाऊन शाओलिनच्या भिक्खूंना ही विद्या शिकवली, ही गोष्ट क्लासमध्ये हमखास सांगतात. ऐकायला आपल्याला गोड वाटते. पण इतिहासाचे अभ्यासक ती मानत नाहीत; बोधिधर्मांच्या नावावर खपवलेला व्यायामाचा चिनी ग्रंथ त्यांच्यानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेला आहे. मुलाने तोंडी परीक्षेत ती गोष्ट सांगितली तर बिघडत नाही, घरी मात्र खरे सांगावे.

परीक्षेचे भाग तीन. पहिला मूलभूत हालचालींचा : जागेवर आणि पुढे-मागे सरकत ठोसा, वरचा-खालचा बचाव, समोरची लाथ. मोजणी जपानी असते. इची, नी, सान, शी, गो अशी दहापर्यंत ती पाठ हवी. दुसरा भाग काताचा, म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. शोतोकान पद्धतीत नवशिक्याला बहुधा ताइक्योकू शोदान किंवा हेइआन शोदान असते. दुसरी काता इतोसू नावाच्या गुरुजींनी विसाव्या शतकाच्या आरंभी ओकिनावाच्या शाळकरी मुलांसाठी बसवलेल्या मालिकेतली आहे. मूल पहिल्यांदा डावीकडे वळते, जमिनीवर इंग्रजी ‘आय’ अक्षर काढल्यासारखे फिरते आणि निघालेल्या जागीच परत येते. घरी सराव करून घेताना जमिनीवर खडूची खूण करा. शेवटी मूल खुणेपासून चार हात लांब उभे असेल तर पावले कुठे तरी लहान-मोठी पडत आहेत. कराटे न शिकलेल्या आईलाही एवढी परीक्षा घेता येते.

तिसरा भाग जोडीचा. याचीच मुलांना धास्ती असते, पण पहिल्या परीक्षेत मोकळी मारामारी नसते. कोण मारणार, कुठे मारणार, किती पावले, सारे आधी ठरलेले. समोरच्याने फक्त अडवायचे. ठोसा अंगाला लागू न देता थांबवणे हेच कसब. फरशा, विटा फोडायला लावत असतील तर मात्र नाही म्हणावे. वाढत्या वयातील हाताच्या हाडांशी तो खेळ नको आणि नवशिक्याच्या परीक्षेत त्याची गरजही नाही.

परीक्षक काय पाहतो? ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेशी परत येते का, मागची टाच उचलते का, नजर समोर आहे का, आवाज पोटातून निघतो का. आणि चुकल्यावर मूल काय करते. हसत शेजाऱ्याकडे पाहणारे मूल गुण घालवते. चूक गिळून पुढची हालचाल करणारे बहुधा पास होते.

कपड्यांचे थोडे. डावी बाजू उजवीवर येईल असा कोट बांधावा. जपानमध्ये उलटा मृतालाच घालतात. पट्ट्याची दोन्ही टोके सारखी हवीत. नवा कोट धुतल्यावर आटतो, म्हणून थोडा मोठा घ्यावा. नखे कापावीत, कानातले, साखळी घरी ठेवावी, मुलींनी आत टी-शर्ट घालावा. दोन तास आधी पोहे किंवा केळे पुरे. ज्या मुलाला दमा आहे त्याचा पंप सोबत हवा आणि परीक्षकाला आधी सांगायला हवे. कारखान्यांचा उग्र वास रात्री-अपरात्री खिडकीतून येतो त्या आपल्या भागात ही सूचना वायफळ नाही.

आता पैशाचे. शुल्कात बेल्ट आणि प्रमाणपत्र धरले आहे का, हे आधीच विचारावे आणि पावती घ्यावी. या बेल्टला सरकारी मान्यता नसते. तो त्या संस्थेपुरता असतो आणि क्लास बदलला तर पुन्हा पांढऱ्यापासून सुरुवात करावी लागू शकते. दहावी-बारावीचे क्रीडा गुण शासनाच्या क्रीडा खात्याने मानलेल्या स्पर्धांमधून मिळतात, बेल्टमधून नाही. ऑलिंपिकची स्वप्ने विकणाऱ्यांना सांगावे की २०२१ साली टोकियोत कराटे होते, २०२४ ला पॅरिसमध्ये नव्हते आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीतही नाही. दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि प्रत्येक वेळी सगळे पास, असे असेल तर आपण बेल्ट विकत घेत आहोत. हात आखडता असेल तर एक परीक्षा सोडावी. शिकणे त्यावाचून अडत नाही, आणि परीक्षा न दिल्याबद्दल मुलाला मागे उभे करणारा शिक्षक आपल्या कामाचा नाही. मारणारा तर नाहीच. सरावाला पालकांना बसू न देणारा क्लासही, विशेषतः मुलींच्या बाबतीत, सोडावा.

पिवळा बेल्ट मिळाला म्हणून मुलगी अंधारात एकटी सुरक्षित झाली असेही धरू नये. तीन महिन्यांच्या शिक्षणाने मोठ्या माणसाला आडवे करता येत नाही. ओरडायचे आणि पळायचे, हे तिला बेल्टच्या आधी शिकवावे. १०९८ आणि ११२ हे क्रमांक जपानी आकड्यांसारखेच पाठ करून घ्यावेत. त्या पोटातल्या ओरडण्याचा मात्र इथे खरा उपयोग होतो. ज्या मुलींना घरात, वर्गात हळू बोल म्हणून सांगितलेले असते, त्या हॉलभर आवाज काढायला शिकतात.

निकाल कुठे त्याच दिवशी लागतो, कुठे आठवड्याने. नापास झाल्यास कारण शिक्षकाकडून समजून घ्यावे आणि पुन्हा बसताना पूर्ण शुल्क पडते का, तेही विचारावे. पास झाल्यास जुना पांढरा पट्टा टाकू नये; धाकट्याला लागतो.