वॅट वाढवले की लेझर काहीही कापतो?

लेझर म्हणजे अतिप्रखर दिवा, वॅट वाढवले की तो वाटेल ते कापेल, असं पुष्कळांना वाटतं. बुटीबोरी एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी पत्रा कापायला वापरतात तसं तीन किलोवॅटचं फायबर लेझर मशीन घ्या. एमएसची, म्हणजे माइल्ड स्टीलची, जाड प्लेट ते सहज कापतं. पण त्याच मशीनखाली पारदर्शक अॅक्रिलिक ठेवलं, तर बहुतेक प्रकाश आरपार निघून जातो आणि काप काही धड पडत नाही. नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानातलं जेमतेम शंभर वॅटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर मात्र तेच अॅक्रिलिक गुळगुळीत कडेनं कापतं.

वॅटवरून कळतं ते इतकंच, की सेकंदाला किती ऊर्जा येते. एकेका फोटॉनची ऊर्जा तरंगलांबीवर ठरते. फायबर लेझरची तरंगलांबी सुमारे 1.07 मायक्रॉन, सीओटूची 10.6. म्हणजे सीओटूचा फोटॉन दहापट अशक्त. पण अॅक्रिलिकच्या रेणूंमधले बंध ज्या ऊर्जेला कंप पावतात, तिच्याशी त्याचं जुळतं, म्हणून तो पृष्ठभागातच शोषला जातो. 1.07 मायक्रॉनशी तिथे कशाचंच जुळत नाही. लोखंडात मुक्त इलेक्ट्रॉन असतात, ते हा प्रकाश शोषतात.

कटिंग हेडखालचा लाल ठिपका म्हणजे लेझर, हाही गैरसमजच, आणि तो धोक्याचा आहे. तो ठिपका फक्त नेम धरण्यासाठी असतो. फायबर लेझरचा कापणारा किरण डोळ्याला दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, आणि तो थेट दृष्टिपटलापर्यंत पोचतो. अशा मशीनच्या खिडकीला साधं अॅक्रिलिक कुणी बसवू नये. चष्मा घेतानाही तो 1070 नॅनोमीटरसाठी आहे ना, हे त्यावर छापलेलं वाचूनच घ्यावा.

प्रकाश पडला की वस्तू तापणारच, हा समज तर शाळेपासूनचा. तो खोडून काढणारा पदार्थ फायबर लेझरमध्येच आहे. फायबर लेझरच्या काचतंतूत यिटर्बियम मिसळलेलं असतं. डायोडच्या प्रकाशानं ते उत्तेजित होतं, आणि जवळून जाणारा फोटॉन त्याच्याकडून आपल्यासारखाच दुसरा फोटॉन बाहेर काढतो. आइन्स्टाइननं 1917 साली मांडलेलं उद्दीपित उत्सर्जन ते हेच. त्याच यिटर्बियमच्या आयनावर पुण्याच्या 'आयुका' या संशोधन संस्थेत अतिअचूक प्रकाशीय घड्याळ उभारण्याचं काम चालू आहे, आणि तिथे लेझर आयनाला थंड करतो! आयन ज्या वारंवारतेचा प्रकाश शोषतो, तिच्यापेक्षा लेझरची वारंवारता किंचित कमी ठेवतात. आयन प्रकाशाच्या दिशेनं धावत आला, की त्याला ती वाढलेली भासते आणि बरोबर जुळते. तो फोटॉन शोषतो आणि समोरून धक्का खातो. पुढे फोटॉन सोडताना मात्र दिशा कुठलीही असते, त्यामुळे ते धक्के सरासरीत एकमेकांना रद्द करतात. सेकंदाला असे लाखो धक्के बसून आयनाचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उतरतं.