लीद स्वच्छ, पण रोहिणी रोगट



उसाखेरीज दुसरा विषय आम्ही या पानावर सहसा घेत नाही. पण मागील गळीत हंगामात आमच्या गटातील एका सभासदाची तरणी घोडी पोटशुळाने गेली. दोनच महिन्यांपूर्वी लीद तपासली होती. जंताची अंडी नव्हती. शवविच्छेदनात आतड्याकडे जाणारी मोठी रोहिणी, म्हणजे शुद्ध रक्ताची नळी, जाड झालेली व आत गुठळी धरलेली निघाली. "साहेब, लीद चांगली होती, मग हे झालं कसं?" असे त्यांनी विचारले. पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून जे समजून घेतले ते येथे देत आहोत.

हा जंत 'स्ट्रॉंगायलस व्हल्गॅरिस'. त्याची बारीक अळी गवताबरोबर पोटात जाते, आतड्याची भिंत भेदून दोन-तीन आठवड्यांत रोहिणीत पोहोचते व काही महिने तेथेच मुक्काम करते. नळीचे अस्तर सुजते, गुठळी होते. गुठळीने रक्त अडले की आतड्याचा तेवढा भाग मरतो. अळी आतड्यात परतून, वाढून अंडी घालीपर्यंत सहा-सात महिने जातात. म्हणजे आत नासधूस चालू असते तेव्हा लीद स्वच्छ! हुमणीचेच बघा ना. पाने पिवळी पडेपर्यंत मुळ्या खाऊन झालेल्या असतात.

मग आत पाहावे कसे? घोडी गाभण आहे का हे ज्या सोनोग्राफीने पाहतात, तिनेच. डॉक्टर गुदद्वारातून हात घालून यंत्राचा प्रोब कण्याखालच्या रोहिणीवर धरतात. ही पद्धत अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झाली. निरोगी नळीची भिंत पातळ व गुळगुळीत दिसते; रोगट भिंत जाड, खडबडीत, आत गुठळी. मात्र डॉक्टरांचा हात सरावाचा हवा, आणि लांबच्या फांद्या यात दिसत नाहीत.

डेन्मार्कमध्ये १९९९ पासून जंताचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळेना. लीद तपासून गरजेपुरतेच औषध देण्याची पद्धत पडली. ती चांगलीच, पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा पागांत हाच जंत जास्त आढळला.

तेव्हा घोडी बाळगणाऱ्यांनी लीद तपासावी, पण तेवढ्यावर विसंबू नये. आयव्हरमेक्टिन हे औषध रोहिणीतील अळीवरही चालते. मात्रा डॉक्टरांनी वजन पाहून ठरवावी. चरण्याच्या जागेवरची लीद वरचेवर उचलावी. आणि पोटशूळ वारंवार होत असेल तर घरगुती काढ्यात दिवस घालवू नयेत, वेळीच डॉक्टरांना बोलवावे.

– ऊस विकास अधिकारी