सांध्यातील सुटे तुकडे : स्वरूप, कारणे व महाविद्यालयीन खेळाडू

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. अशा जिल्ह्यातील महाविद्यालयांत धावपटूंची वाण नसते. मात्र त्यांच्या गुडघ्याच्या तक्रारी बहुधा ‘लचक’ या एकाच शब्दात मिटविल्या जातात. चालता चालता गुडघा एकाएकी अडकणे, किंचित हलविताच सुटणे व पुढच्या वेळी वेदना दुसऱ्याच जागी जाणवणे, ही लचकेची लक्षणे नव्हेत. गादी फाटल्यानेही गुडघा अडकतो हे खरे. परंतु वेदनेची जागा बदलत असेल तर सांध्यात हाडाचा वा कूर्चेचा सुटा तुकडा फिरत असल्याचा संशय घ्यावयास हवा. युरोपीय शल्यचिकित्सकांनी त्यास ‘सांध्यातील उंदीर’ म्हटले. बोटाखाली सापडता सापडता तो निसटतो, त्यामुळे नाव चपखलच आहे.

तुकडा सुटण्याची कारणे वयानुसार भिन्न असतात. उतारवयात झीज, कोणत्याही वयात आघात. किशोरवयात मात्र कूर्चेखालील हाडाचा लहानसा भाग, बहुतांशी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, दुर्बल होऊन विलग होऊ लागतो. फ्रान्झ कोनिग या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८७ मध्ये या विकारास ‘ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसेकन्स’ असे नाव दिले. नावात दाह अभिप्रेत आहे. दाह हे मूळ कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले नाही, तरी नाव टिकले. आज वारंवार पडणारा ताण व खंडित रक्तपुरवठा यांकडे अधिक लक्ष दिले जाते.

सुटलेला तुकडा नष्ट होत नाही, ही यातील विलक्षण बाब होय. कूर्चेस रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते. म्हणून तुकड्यातील हाड मृत झाले तरी कूर्चा जिवंत राहते, प्रसंगी थराथराने वाढतेही. आयुर्वेदाने ज्यास श्लेषक कफ म्हटले, त्याचे कार्य सांध्यास स्निग्ध ठेवण्याचे सांगितले आहे. येथे सांध्यातील द्रव वंगणाबरोबर अन्नही पुरवितो.

केवळ कूर्चेचा तुकडा क्ष-किरण चित्रात दिसत नाही. त्यासाठी एमआरआय उपयोगी पडते. हाडांची वाढ पूर्ण होण्यापूर्वी व तुकडा सुटण्यापूर्वी निदान झाल्यास काही महिने खेळ थांबविल्याने तो भाग अनेकदा सांधतो. सुटल्यानंतर मात्र दुर्बिणीद्वारे तो काढणे किंवा शक्य असल्यास पुन्हा बसविणे, हेच मार्ग उरतात. तोवर अडकलेला गुडघा मैदानावर हिसका देऊन सरळ करू नये. तुकडा दोन हाडांमध्ये चिरडून निरोगी कूर्चेवरही चरे पडतात.