पडलेल्या घराचा कारभारी

निवडणुकीचा निकाल लागला की जिंकणाऱ्यांच्या दारी हार, पेढे, गुलाल नि फोटोग्राफर यांची रीघ लागते. मी मात्र त्या दिवसांत दुसऱ्याच घराकडे डोळे लावून बसतो. हरलेल्या पक्षाच्या वाचलेल्या सभासदांची बैठक कुठे भरली, कोणी कोणाचे नाव सुचवले, कोण रुसून बसला, हे मला आधी हवे असते. आमच्या मंडळींच्या मते हा माझा छंद म्हणजे लग्नाचा मांडव सोडून शेजारच्या सुतकात डोकावण्यापैकी आहे!

असेल. पण त्यात एक मोठी गंमत आहे. हरलेल्या पक्षाला आपला विधिमंडळातला नेता मनासारखा निवडता येत नाही. मतदारांनी जे शिल्लक ठेवले असतील, त्यांतूनच त्याला निवडावे लागते. पहिली चाळणी परक्याच्या हातची. इंग्लंडच्या मजूर पक्षाचेच पाहा ना.

१९३१ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड आपलाच पक्ष सोडून विरोधकांबरोबर ‘राष्ट्रीय’ सरकारात जाऊन बसले. ऑक्टोबरात निवडणूक झाली आणि १९२९ साली २८७ जागा मिळवणारा पक्ष पन्नासच्या आसपास येऊन ठेपला. नवे नेते आर्थर हेंडरसन पडले, हर्बर्ट मॉरिसन पडले, ग्रीनवुड पडले, डाल्टन पडले. मंत्रिमंडळात बसलेला आणि पक्षाबरोबर राहिलेला असा एकच ठळक माणूस निवडून आला. ते जॉर्ज लॅन्सबरी, वय वर्षे ७२. सभागृहातले नेतेपद अर्थात त्यांच्याकडे आले. आणि त्यांचा दुय्यम म्हणून पुढे आले मेजर क्लेमंट ॲटली. लंडनच्या गोदीकडल्या लाइमहाउस भागातून ते अवघ्या ५५१ मतांनी वाचले होते. म्हणजे २७६ माणसांनी आपले मत फिरवले असते, तर पुढे लिहिण्यासारखे काही उरलेच नसते.

आपल्या मुंबईने या गृहस्थांना आधीच पाहिले होते. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी बंदरावर उतरलेल्या सायमन कमिशनचे काळ्या निशाणांनी स्वागत झाले, त्या सातजणांत ॲटलीही होते. शिडशिडीत बांधा, टक्कल, तोंडात पाइप आणि बोलणे तारेच्या मजकुरासारखे मोजके. पुढारी म्हणून त्या वेळी त्यांच्याकडे कोणी बोट दाखवले नसते.

पण मोडक्या घरात काम भरपूर असते आणि माणसे थोडी. अर्थसंकल्प असो की परराष्ट्र धोरण, उठून बोलायला तेच ते दोघे-तिघे. १९३३ च्या डिसेंबरात लॅन्सबरींच्या मांडीचे हाड मोडले आणि कित्येक महिने सारा भार ॲटलींवर पडला. तो त्यांनी गाजावाजा न करता वाहिला. पुढे १९३५ च्या ऑक्टोबरात, इटलीवर निर्बंध घालण्याच्या प्रश्नावर ब्रायटनच्या अधिवेशनात कामगारपुढारी अर्नेस्ट बेविन यांनी युद्धविरोधी लॅन्सबरींची कडक हजेरी घेतली. लॅन्सबरींनी राजीनामा दिला. निवडणूक तोंडावर आलेली. म्हणून तात्पुरते ॲटली!

नोव्हेंबरच्या निवडणुकीतही पक्ष हरलाच, पण जागा १५४ झाल्या. पडलेले सरदार परत आले. लंडन कौन्सिलची सत्ता गाजवणारे मॉरिसन आता आपलाच मान म्हणून उभे राहिले. नेता निवडायचा तो फक्त खासदारांनी, गुप्त मतदानाने. (ही रीत त्या पक्षाने १९८१ साली मोडली.) पहिल्या फेरीत ॲटली ५८, मॉरिसन ४४, ग्रीनवुड ३३. ग्रीनवुड गळाले. दुसऱ्या फेरीत ॲटली ८८ आणि मॉरिसन ४८. मॉरिसन यांच्या पदरात चारच मते वाढली! ज्यांनी दुष्काळाची चार वर्षे त्या बाकांवर एकत्र काढली होती, त्यांना शेजारी बसून राबणारा माणूस ठाऊक होता. डाल्टन यांनी रोजनिशीत नव्या नेत्याला उंदीर ठरवून मनातली मळमळ ओकली. मॉरिसन यांनी उपनेतेपद नाकारले.

१५४ हा आकडा वाचून मला आपल्याकडचे १९७७ साल आठवले. लोकसभेत काँग्रेसच्या जागा तेवढ्याच उरल्या होत्या. इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या, आणि साताऱ्याहून निवडून आलेले यशवंतराव चव्हाण विरोधी पक्षनेते झाले. त्याच वर्षी कायदा होऊन त्या पदाला पगार मिळाला. पण इथे घराबाहेर राहिलेली व्यक्ती स्वस्थ बसणारी नव्हती. १९७८ च्या जानेवारीत पक्ष फुटला आणि एप्रिलमध्ये ते पद सी. एम. स्टीफन यांच्याकडे गेले. यशवंतरावांना ॲटलींसारखी चार वर्षे मिळाली असती तर, असे मला राहून राहून वाटते.

ॲटलींचे ते ‘तात्पुरते’ नेतेपद वीस वर्षे टिकले. १९४५ साली पक्ष ३९३ जागा घेऊन आला, त्याही दिवशी मॉरिसन म्हणत होते की आधी नेता नव्याने निवडा, मग राजाकडे जा. बेविन यांनी ॲटलींना सांगितले, तडक राजवाडा गाठा. ते गेले आणि पंतप्रधान होऊनच परतले. काळ्या निशाणांनी ज्यांचे स्वागत झाले, त्यांच्याच सरकारने दोन वर्षांनी हिंदुस्थानातली सत्ता सोडली.

१९५१ आणि १९५५ च्या पराभवांनंतर मेजरसाहेब निवृत्त झाले. मॉरिसन यांना संधी मिळू नये म्हणूनच ते इतके थांबले, असे पुष्कळजण म्हणतात. दोघांचा वाढदिवस एकच, ३ जानेवारी. मॉरिसन पाच वर्षांनी धाकटे. पण डिसेंबर १९५५ मध्ये तेही ६७ वर्षांचे झाले होते. मते मोजली तेव्हा गेट्सकेल यांना १५७ पडली, बेव्हन यांना ७०, आणि मॉरिसन यांना ४०. वीस वर्षांपूर्वीपेक्षा आठ कमी.