वंशावळीतली रिकामी जागा

आमचे चुलतसासरे अप्पा गोरे मुलुंडला राहतात. वय 84. निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच नाद: गोरे घराण्याची वंशावळ. रत्नागिरी, पुणे, इंदूर, ग्वाल्हेर अशी कुठकुठली पत्रे त्यांनी जमवली आहेत आणि बैठकीच्या खोलीत गादीखाली जाड कागदांच्या गुंडाळ्या ठेवल्या आहेत. गेल्या भाऊबीजेला आम्ही अंधेरीहून त्यांच्याकडे गेलो होतो. फराळ चालू असताना मी सहज विचारले, "अप्पा, काशीचे पाद्री गोरे तुमच्या कागदावर कुठे आहेत?"

अप्पांनी चष्मा काढला. "बाटलेल्यांची नावे वंशावळीत नसतात, जावईबापू. ती फांदी तिथेच खुंटते."

काकू उठून आत गेल्या. बोलणे तेवढ्यावरच थांबले. पण ती खुंटलेली फांदी माझ्या डोक्यातून जाईना. अप्पांच्या घराण्याशी या पाद्र्यांचे नाते लागते असा माझा दावा नाही. पण आडनाव एक, मूळही कोकणचे. मग मी सवड मिळेल तसा दादरच्या, फोर्टातल्या ग्रंथालयांतून त्यांचा माग काढू लागलो.

पेशवाईत कोकणातली कितीतरी ब्राह्मण घराणी बुंदेलखंडात गेली. बांद्याचे नवाब म्हणजे तर बाजीराव-मस्तानीचा वंश. त्या नवाबाच्या पदरी या गोऱ्यांचे आजोबा कारभारी होते. पुढे कुटुंब काशीस स्थायिक झाले. नातू निळकंठ याचा जन्म झाशीजवळच्या काशीपुरा गावी 8 फेब्रुवारी 1825 चा. काशीत न्याय-व्याकरण शिकून तो ऐन विशीत निळकंठशास्त्री झाला. मिशनऱ्यांची तोंडे बंद करावीत म्हणून त्याने संस्कृतात 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ लिहिला. पण खंडन करायचे तर आधी वाचायला हवे. आणि वाचता वाचता शास्त्रीबुवांचेच मन डळमळले. 1848 च्या मार्चमध्ये जौनपुरास त्यांनी बाप्तिस्मा घेतला. निळकंठाचे नेहेम्या झाले. काशीतल्या नामांकित घरात त्या दिवशी काय कल्लोळ उडाला असेल, याची कल्पनाच करावी!

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, जोगळेकरांच्या. त्या नवऱ्याबरोबर राहिल्या, पण संसार फार दिवस चालला नाही. 1853 साली मुलगी झाली आणि त्याच वर्षी लक्ष्मीबाई गेल्या.

पुढल्याच वर्षी पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग विलायतेस निघाले. त्यांच्याबरोबर पंडित म्हणून गोरे गेले. तिथे मॅक्समुल्लरची भेट झाली. पुस्तकातला ख्रिस्तधर्म विलायतेच्या रस्त्यांवर दिसेना, म्हणून हा पंडित किती खिन्न झाला होता, ते मॅक्समुल्लरने लिहून ठेवले आहे. परत आल्यावर 1860 मध्ये त्यांनी हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहिले. 1870 मध्ये ते पूर्ण दीक्षित पाद्री झाले. नंतर पुन्हा विलायतेस जाऊन ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यस्त पाद्र्यांच्या संघात उमेदवार म्हणून राहिले. पुण्यातही त्यांनी काम केले. आपल्या ख्रिस्ती होण्यात फादर गोरे यांच्या लेखनाचा मोठा वाटा असल्याचे पंडिता रमाबाईंनी नमूद केले आहे. 29 ऑक्टोबर 1895 रोजी ते आपल्या मुंबईत वारले. त्याच साली, फेब्रुवारीत, नारायण वामन टिळकांनी मुंबईतच बाप्तिस्मा घेतला होता.

ही टिपणे घेऊन मी नवरात्रात मुलुंडला गेलो. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'वर त्यांनी मान डोलावली, बाप्तिस्म्यावर कपाळाला आठी घातली. लक्ष्मीबाईंच्या मृत्यूपाशी मात्र त्यांनी मला थांबवले.

"मग ती पोर? तिला कोणी वाढवले? गोऱ्यांनी की जोगळेकरांनी?"

"दोघांनीही नाही, अप्पा. एका निळीच्या मळेवाल्या इंग्रजाने. 1857 च्या धामधुमीत त्याचे सगळे गेले, तेव्हा स्टॉर्स नावाच्या पाद्र्याने तिला सांभाळले आणि विलायतेस नेले. एलन लक्ष्मी गोरे तिचे नाव. पुढे ती हिंदुस्थानात परतली, अमृतसर-अलाहाबादेकडे अनाथ मुलींत राबली. इंग्रजीत तिने भक्तिगीते लिहिली. त्यातले एक अजून चर्चमधून म्हणतात. 1937 साली ती वारली."

"आडनाव ठेवले होते म्हणता?"

"शेवटपर्यंत. गोरे. आणि आईचे लक्ष्मी हे नावही."

अप्पा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. मग त्यांनी गादीखालची एक गुंडाळी काढायला लावली. तो त्यांच्या स्वतःच्या भावंडांचा कागद होता. अप्पांच्या नावाच्या डावीकडे बोटभर जागा रिकामी होती. इतकी वर्षे तो कागद पाहूनही ती आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती. अप्पांनी पेन्सिल घेतली आणि तिथे हळूहळू एक नाव लिहिले.

"ही कोण?" माझ्या बायकोने विचारले.

"तुझी आत्या. माझी थोरली बहीण. तिने ख्रिस्ती डॉक्टराशी लग्न केले. वडिलांनी त्या दिवशी घरात आंघोळी करवल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. दारात उभा होतो, पण बोललो नाही." थोडे थांबून ते म्हणाले, "आता कुठे असेल, असेल की नसेल..."

"बोरिवलीला असते," दारातून काकू म्हणाल्या. "नव्वदीची आहे, ऐकू जरा कमी येते. दर दिवाळीला मी तिला चकल्यांचा डबा पाठवते."

अप्पा काकूंकडे पाहतच राहिले. "मला कधी सांगितले नाहीस ते!"

"तुम्ही कधी विचारले नाहीत," काकू म्हणाल्या.

मुलुंडहून बोरिवली तशी लांब नाही. दादरला गाडी बदलली की झाले. यंदाच्या भाऊबीजेला अप्पांना घेऊन मी जाणार आहे. वंशावळीची गुंडाळी बरोबर न्यायची, असा त्यांचा हुकूम आहे. बहिणीच्या मुलानातवंडांची नावे तिच्याच तोंडून लिहून घ्यायची आहेत.