मुले ‘चॅटबॉट’शी काय बोलतात?

गृहपाठातील शंका विचारण्यासाठी उघडलेला ‘चॅटबॉट’ मुलांच्या मनातले गुपित ऐकणारा सोबती कधी बनतो, हे घरातील मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात एप्रिल २०२५ मध्ये एका १६ वर्षीय मुलाने आत्महत्या केली. ‘चॅटजीपीटी’शी झालेले त्याचे संवाद आई-वडिलांनी वाचले ते त्याच्या मृत्यूनंतरच. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी ‘ओपनएआय’ कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. कंपनीने जबाबदारी नाकारली. मात्र दाव्यानंतर पालकांच्या हाती काही साधने आली. ती उपयुक्त असली, तरी त्यांच्या मर्यादा जाणून घेणे आवश्यक आहे.

काय करता येते?

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’मध्ये ‘पॅरेंटल कंट्रोल्स’ची सोय सुरू झाली. ‘सेटिंग्ज’मधून निमंत्रण पाठवून १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलाचे खाते पालकांच्या खात्याशी जोडता येते. मुलाने ते स्वीकारल्यावर संवेदनशील मजकुरावर अधिक निर्बंध लागू होतात. रात्री ठरावीक वेळेत वापर बंद ठेवणे, आवाजी संवाद आणि चित्रनिर्मिती थांबविणे, मागील संवाद लक्षात ठेवणारी ‘मेमरी’ बंद करणे हेही पालकांना शक्य होते.

काय करता येत नाही?

मुलाचे संवाद पालकांना या सोयीतून वाचता येत नाहीत. मूल स्वतःला इजा करून घेईल अशी गंभीर चिन्हे आढळली, तरच प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या तपासणीनंतर पालकांना सूचना पाठविली जाते. मुलाने जोडणी तोडल्यास पालकांना कळते. पण त्याने दुसरे खाते उघडल्यास ही सारी व्यवस्था निरुपयोगी ठरते. फोन हाती घेऊन जुने संवाद तपासले, तरी चित्र अपुरेच राहते. पुसून टाकलेले किंवा ‘टेम्पररी चॅट’मध्ये झालेले बोलणे यादीत दिसत नाही.

काल्पनिक पात्रांशी गप्पा मारू देणाऱ्या ‘कॅरेक्टर एआय’ने मार्च २०२५ मध्ये पालकांसाठी साप्ताहिक अहवाल सुरू केला. त्यात मूल कोणत्या पात्राशी किती वेळ बोलले एवढेच कळत असे. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने १८ वर्षांखालील मुलांसाठी अशा मुक्त गप्पाच बंद केल्या.

पालकांनी काय करावे?

- १३ वर्षांखालील मुलांना ‘चॅटजीपीटी’चे स्वतंत्र खाते उघडून देऊ नये, कंपनीच्या अटींतही त्याला परवानगी नाही.
- खाते जोडण्यापूर्वी त्याचे कारण मुलाला सांगावे. चोरून पाळत ठेवल्यास मूल दुसरी वाट शोधते.
- ‘आज त्याला काय विचारलेस?’ हा प्रश्न सहजपणे विचारावा. अधूनमधून शेजारी बसून उत्तरे वाचावीत.
- घराचा पत्ता, शाळेचे नाव, छायाचित्रे न देण्याचा नियम ठरवावा.
- रात्री फोन मुलाच्या खोलीबाहेर ठेवावा.
- झोप उडणे, मित्र तुटणे, एकलकोंडेपणा वाढणे याकडे दुर्लक्ष करू नये. मानसिक आधारासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६, तर बालकांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक उपलब्ध आहे.

यंत्र फार तर धोक्याची सूचना देईल. ती मिळाल्यानंतर मुलाशी बोलायचे काम मात्र पालकांनाच करावे लागते आणि त्या बोलण्याची सवय आधीपासून असावी लागते.