दहावीनंतर प्राणिशास्त्राची वाट

रामटेक तालुक्यात देवलापार भागातील आपली मुले जंगल ओळखूनच वाढतात. नाग कोणता, धामण कोणती, पहिल्या पुरात मासे ओढ्यात कसे चढतात, हे ती घरीच शिकतात. मासे का चढतात? अंडी घालायला. हे ‘का’ शोधणारे शास्त्र म्हणजे प्राणिशास्त्र. महाविद्यालयात त्यासोबत पेशी, शरीररचना व आनुवंशिकता शिकवतात.

पण ही वाट दहावीनंतरच ठरते. अकरावीला विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र घेतले, तरच पुढे बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र मिळते. नंतर १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठात एम.एस्सी. करता येते. पुढे शिक्षक, प्रयोगशाळा, मत्स्यव्यवसाय, वनसेवा अशी दारे उघडतात.

खर्चाच्या भीतीने मुलीला थांबवू नका. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर ‘स्वयं’ योजनेची चौकशी करा. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा. जातवैधतेचा अर्ज बारावीतच करा, पडताळणीला वेळ लागतो.

पेंचच्या जंगलाचा अभ्यास करायला लांबून माणसे येतात. त्यांत आपली मुलेही असावीत. निकालाची वाट न पाहता आजच त्यांच्याशी बोला.